धक्का आणि कंप

प्रश्न आला आहे: ‘भूकंपाच्या बातमीत धक्का लिहावं की कंप? आणि फॉल्टच्या, म्हणजे जमिनीतल्या खडकाच्या भेगेच्या, भ्रंशाच्या, अगदी जवळ जमीन जशी हलते, त्याला मराठीत काय म्हणावं?’

पंखा डुलला, माणसं जिन्याने खाली धावली, की वाहिनीवर पट्टी येते: ‘भूकंपाचे सौम्य धक्के’. सौम्य धक्का ही काय चीज आहे? लोकलच्या दारात कुणी देऊन दाखवावा! धक्का एका दिशेने बसतो आणि माणूस होता तिथे राहत नाही. कंप जातो-येतो, थंडीतलं कापरं त्याच घरातलं. 2001 साली भूकंप भुजला झाला आणि मुंबईतल्या उंच इमारती डुलल्या, तो कंप.

फॉल्टपाशी मात्र धक्काच. खडक फाटत जाण्याचा वेग आडव्या कंपनलाटांच्या वेगाच्या जवळपास असतो. त्यामुळे फाटीच्या पुढ्यात लाटा साचतात आणि सगळ्या मिळून एकच जबर रेटा देतात, सेकंद-दोन सेकंदांचा. 17 जानेवारी 1995 ला जपानात कोबेत हेच झालं; तिथल्या ताकातोरी स्टेशनच्या भूकंपमापक यंत्रावर जमिनीचा वेग सेकंदाला मीटरच्या वर गेला. आणि जमीन जागेवर परत येतेच असं नाही. तैवानात 1999 साली शिहकांग धरणाची एक बाजू दुसरीपेक्षा कित्येक मीटर वर उचलली गेली, ती तशीच राहिली.

आता व्युत्पत्ती. संस्कृताभिमानी लगेच धातुपाठातलं, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतलं, ‘धक्क नाशने’ तोंडावर फेकतात. धातू आहे, कबूल. पण ढकलण्याचा नाशाशी संबंध जोडताना जी कसरत करतात ती बघवत नाही. माझं मत उलटं: शब्द लोकांच्या तोंडचा, पंडितांनी त्याला मागाहून धातूचं सोवळं नेसवलं. आणि भाऊचा धक्का? तिथे लाँच लागताना पाहा. कडेला टांगलेले टायर दबतात, उभी माणसं एकदम पुढे झुकतात, खलाशी दोर फेकतो. बोट जिथे धक्का खाते तो धक्का! ‘डॉक’वरून आला म्हणणाऱ्यांनी ‘ड’चा ‘ध’ कसा झाला ते आधी सांगावं, मग माझ्याशी वाद घालावा.

हां, फॉल्टजवळच्या हालचालीचं राहिलंच. ‘भ्रंशाजवळचा धक्का’ लिहा. ‘प्रस्तरभंगसमीपस्थ तीव्र भूगती’ लिहिलंत तर वाचणाऱ्यालाच कंप सुटेल.