ताई, खरे बाबा कुठले?

भांडुपहून एका मुलीचं मोठ्ठं पत्र आलंय, सगळं छापत नाही, घरातल्या काही गोष्टी घरातच बऱ्या. थोडक्यात असं: वडील ६१ वर्षांचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आयुष्यभर शांत, हिशोबी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या दोन वर्षांत माणूस पार बदलला. टीव्हीवरच्या जाहिराती बघून तीन मिक्सर मागवले. खालच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा उचलतात आणि पैसे न देता चालायला लागतात. भावाच्या साखरपुड्यात होणाऱ्या विहीणबाईंना सगळ्यांसमोर "तुम्ही फार जाड आहात हो" म्हणाले आणि शेजारच्या लहान पोराच्या हातातली जिलेबी काढून खाल्ली. आई बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं तेव्हा तिला ओलांडून किचनमध्ये गेले नि विचारलं, चहा कुठाय. भाऊ म्हणतो नाटकं आहेत, त्याने बोलणं सोडलंय, चार महिन्यांनी लग्न आहे त्यात बाबा नकोत म्हणतो. आई म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, उतारा करूया. जवळच्या डॉक्टरांनी तारीख, वार, पंतप्रधान विचारले, बाबांनी सगळं बरोबर सांगितलं, मग डॉक्टर म्हणाले वय झालं, होतं असं. शेवटी मुलगी विचारते, "ताई, माणूस मुळात असाच असतो आणि इतकी वर्षं फक्त लपवून ठेवतो का? खरे बाबा कुठले, आधीचे की आत्ताचे?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. चहाच्या वाक्यापाशी मी थांबलेच. मिक्सर, जिलेबी यावर उद्या तुम्हीच हसाल कदाचित, पण बायको फरशीवर पडलीय आणि हा माणूस चहा शोधतोय हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्या मनातून ते जाणार नाही. राग आला असेल तर आला, त्याची लाज बाळगू नकोस.

आता एक स्पष्ट सांगते, मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून रोगाचं नाव सांगणारी बाई तर मुळीच नाही. पण तू लिहिलेलं सगळं एका ओळीत मांडलं ना, की भीडभाड गेली, दुसऱ्याचं दुःख पोचेनासं झालं, गोडावर वासना गेली (किलोभर पेढे दोन दिवसात म्हणालीस), पैशाचं भान सुटलं, आणि स्मरणशक्ती मात्र ठणठणीत, तर न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे, जायलाच हवं असं चित्र दिसतं.

तुझे बाबा कंडक्टर होते म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. बस चालवतो ड्रायव्हर, पण थांबवतो कंडक्टर. दोरी ओढून एकदा टण केलं की थांब, दोनदा टण टण केलं की सोड. आपल्या कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, फ्रंटल लोब म्हणतात त्याला, त्याच्या कामातलं एक मोठं काम म्हणजे ही एक बेल मारणं. विहीणबाई जाड आहेत हे त्या हॉलमध्ये बाकी कुणाला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं गं, माझ्याही मनात आलं असतं. साडेआठच्या लोकलमध्ये कुणी कोपर मारलं की माझ्या डोक्यात जे शब्द येतात ते इथे छापता येणार नाहीत, पण ओठापर्यंत येता येता आत कुणीतरी टण करतं आणि मी फक्त "जरा सरका ना" म्हणते. बाबांच्या गाडीतला तो कंडक्टर बहुतेक उतरून गेलाय, गाडी मात्र चाललीच आहे.

हे मी मनाचं सांगत नाहीये. १८४८ साली १३ सप्टेंबरला अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी खडक फोडताना सुरुंगाचा स्फोट झाला आणि फिनिअस गेज नावाच्या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालाखालून साडेतीन फुटांची, सहा किलोची लोखंडी पहार घुसून डोक्यातून बाहेर पडली. माणूस जगला! त्याच दिवशी बोलत होता, चालत होता. पण शांत, जबाबदार मुकादम होता तो शिवराळ, लहरी झाला, आणि त्याचे मित्र म्हणाले की हा आता गेज राहिला नाही. मेंदूचा पुढचा भाग आणि स्वभाव यांचं नातं सांगताना अजून त्याचं उदाहरण देतात, त्याची कवटी आणि ती पहार दोन्ही बॉस्टनच्या संग्रहालयात आहेत. गंमत म्हणजे या गोष्टीचा पुढचा भाग फारसं कुणी सांगत नाही. नंतर हाच गेज चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी चालवत होता. रोज तीच वेळ, तोच रस्ता, तीच कामं, त्या ठरलेल्या चाकोरीने तो बराच सावरला असं काही अभ्यासकांना वाटतं. हे लक्षात ठेव, खाली लागेल.

तुझ्या बाबांच्या डोक्यात पहार घुसलेली नाही, पण हाच भाग हळूहळू झिजवणारा एक आजार असतो, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसराळू आजोबाच आठवतात. हा तसा नाही, बऱ्याचदा पंचेचाळीस ते पासष्टच्या वयात सुरू होतो आणि आधी स्वभाव खातो, आठवण नंतर. म्हणून तर बाबा अजून रूटचे सगळे स्टॉप ओळीने म्हणून दाखवतात आणि तारीख-वारच्या परीक्षेत पास होतात, अगं ज्या भागाची ती परीक्षा असते तो त्यांचा बिघडलेलाच नाही. आणि "मला काय धाड भरलीय" म्हणतात ते खोटं नव्हे, आपलं काही बिघडलंय हे ओळखणारं यंत्रच बिघडलं की माणसाला ते दिसत नाही.

पण थांब, हेच आहे असं धरून बसू नकोस. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, डिप्रेशन, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, पुढच्या भागात वाढणारी गाठ, एखाद्या गोळीचा परिणाम, यांनीसुद्धा माणूस असा बदलतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. माझ्या नात्यातल्या एका काकांना चार वर्षं सगळे "बायकोने डोक्यावर बसवलं" म्हणत राहिले, शेवटी एमआरआय केला तर गाठ निघाली, ऑपरेशननंतर काका बरेचसे परत आले, पण मधल्या चार वर्षांत दोन भाऊ कायमचे तुटले ते तुटलेच.

म्हणून केईएम, सायन किंवा नायर, जे सोयीचं पडेल तिथली न्यूरॉलॉजीची ओपीडी गाठ. जाण्याआधी वहीत लिही, काय झालं, कधी झालं, पहिल्यांदा वेगळं कधी वाटलं. आईलाही विचार, तिला तुझ्याही आधीचं काहीतरी आठवेल. आणि डॉक्टरांशी पाच मिनिटं बाबा नसताना बोल, कारण त्यांच्यासमोर बोललीस तर ते इतकं छान, शहाण्यासारखं बोलतील की तूच खोटी पडशील. शेजारच्या कुणा आजोबांच्या विसरण्यावरच्या गोळ्या आणून देऊ नकोस, या आजारात त्या उपयोगाच्या नाहीत, उलट चिडचिड वाढू शकते.

आईचं म्हणशील तर तिने सिद्धिविनायकाला नवस बोलावा, मी पण दोन दुर्वा वाहीन. भगत मात्र नको. अंगातलं काढतो म्हणून मारहाण करणाऱ्यांविरुद्ध आपल्याकडे २०१३ पासून कायदा आहे, पण कायदा नंतर येतो, मार आधी बसतो. तिला भांडून सांगू नकोस, वहीतलं वाचून दाखव.

घरातलं आजपासून करता येईल ते कर. दुकानदाराला खरं सांग, त्याने वहीत मांडून ठेवावं, तू महिन्याला देशील. फोनमधलं यूपीआय काढ, एफडीचे कागद आईकडे ठेव. ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे आहेत, नॉमिनी कोण, हे बाबांना समजतंय तोवर नीट करून घे, नंतर फार अवघड जातं. खिशात तुझ्या नंबरची चिठ्ठी असू दे. वाद घालू नका, "असं कसं केलंत" विचारून काही मिळत नाही, पेढ्याचा डबा दिसलाच नाही तर भांडण होतच नाही. आणि ती चाकोरी! पहाटे साडेचारला उठतात म्हणालीस ना अजून, उठू देत, त्याच वेळी चहा, तोच फेरफटका, तोच रस्ता, सोबत कुणीतरी.

लग्नाचं माझं मत विचारशील तर बाबा विधीपुरते यावेत, अर्धा तास, सोबत एक धट्टाकट्टा चुलतभाऊ, आणि जेवणाच्या हॉलकडे न नेता थेट घरी. विहीणबाईंना रिपोर्ट आल्यावर भावाने स्वतः जाऊन सांगावं, तूच जाऊ नकोस प्रत्येक ठिकाणी. त्याला माझं हे वाचायला दे. चिडेल, चिडू दे.

तू लिहिलंयस की दाराची कडी वाजली तरी छातीत धडधडतं, ऑफिसात फोन वाजला की पोटात गोळा येतो. तुझ्या मज्जासंस्थेला आता घर म्हणजेच धोका वाटायला लागलाय, कडी वाजते आणि विचार करायच्या आत अंगात अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे घाबरल्यावर धडधड वाढवणारं रसायन, सुटतं, तुझी पण बेल उशिराच वाजतेय. दार उघडण्याआधी दोन-तीन वेळा श्वास अगदी सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडणं लांब, त्याने धडधड खरंच उतरते. रात्र रात्र झोप नाही असं झालं तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता तुझा प्रश्न. मनात काय येतं तोच खरा माणूस, आणि त्याला थांबवणारा खोटा, असं आपण का धरतो गं? मनात तर सगळ्यांच्याच सगळं येतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने सुट्ट्या पैशांवरून शिव्या खाल्ल्या आणि उलट एक शब्द काढला नाही, ती प्रत्येक वेळची एक बेल त्यांनीच मारली होती, ते बाबाच होते. लपवाछपवी नव्हती ती.

केस पेपरची रांग सकाळी लवकर लागते, भांडुपहून पहिल्या गाड्यांपैकी एखादी धर. बसायला बराच वेळ लागेल तेव्हा डबा घेऊन जा, आणि बाबांसाठी वेगळा डबा घे, नाहीतर बाजूच्याच्या हातातलं जाईल.

— तुझी ताई