पुण्याहून दर्यापूरला बदली झाली आहे. लहान मुलं आणि वयस्क आई यांच्यासह राहायला कोणता भाग बघावा?

तुम्ही लिहिलंय की बँकेत बदली झाली आहे, बरोबर बायको, चौथीतली मुलगी, बालवाडीतला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई आहे. अमरावतीत राहून अपडाऊन करावं की दर्यापुरातच भाड्यानं घर घ्यावं, आणि घ्यायचं तर बायपासकडच्या "नवीन, शांत, मोकळ्या" लेआऊटमध्ये घ्यावं का, असं विचारलंय. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. बदल्यांच्या निमित्तानं अमरावती जिल्ह्यातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांत भाड्यानं संसार मांडला, त्यात दर्यापूरही आलं. म्हणून आधी उत्तर सांगते आणि कारणं मागून: दर्यापुरातच राहा, आणि त्या लेआऊटमध्ये पहिलं वर्ष तरी नको.

अपडाऊनचं थोडक्यात. अमरावती पन्नासेक किलोमीटर. नकाशावर हे अंतर पुणेकराला काहीच वाटणार नाही. पण बँकेतून तुमचं निघणं साडेसहा-सातला, पावसाळ्यात रस्त्यावर नाल्याचं पाणी, आणि घरी पोचता तेव्हा धाकटा झोपलेला. आम्हा शिक्षकांना मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडावा लागायचा, आणि ठराव जोडून अपडाऊन करणारे बरेच जण मला ठाऊक आहेत. त्यांच्यातल्या एकाचंही लेकरू गावातल्या कुणाच्या ओट्यावर खेळलेलं मी पाहिलं नाही. अमरावतीत मोठे दवाखाने, क्लासेस, मॉल सगळं आहे, ते रविवारी वापरा.

आता लेआऊट. पुण्याहून येणाऱ्याला तो भाग लगेच आवडतो, कारण तो कागदावर पुण्यासारखा दिसतो: रुंद रस्ता, प्लॉटचे नंबर, एखादं पांढरं देऊळ, नवी टाइल्सची घरं. पण चाळीस प्लॉटांत घरं बांधून झालेली असतात आठ-दहा. उरलेल्या प्लॉटांत जुलैत कंबरभर गाजरगवत, डबकं आणि डुकरं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम टाकून केलेला रस्ता दोन पावसांत खाली बसतो, मग स्कूटी घरापर्यंत येत नाही, शाळेचा ऑटो कोपऱ्यावरच थांबतो आणि मुलगी चपला हातात घेऊन चिखलातून येते. मोकळ्या प्लॉटांत साप निघतो तेही गृहीत धरा. नाग, घोणस, मण्यार तिन्ही आपल्या भागातले. पथदिवे तेव्हाच लागतात जेव्हा नगर परिषद लेआऊट ताब्यात घेते, आणि ते कधी होईल हे प्लॉट विकणाऱ्यालाही माहीत नसतं. शांतता मात्र खरी असते. दुपारी दोनला आजीला चक्कर आली तर हाक ऐकायला कुणी नाही, इतकी शांतता.

यापेक्षा जास्त महत्त्वाचं पाणी, आणि इथं तुमचा पुण्याचा अनुभव उलटा पडतो. पुण्यात घरमालक "बोअर आहे" म्हणाला की आपण निर्धास्त होतो. दर्यापूर खारपाण पट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांचा हा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. शेतकरीसुद्धा बोअरचं पाणी पिकाला द्यायला कचरतो, कारण त्यानं जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते. घरात तेच पाणी वापरलं तर साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात, कूलरची ताटी एका मोसमात मीठ धरून कडक होते. प्यायचा तर प्रश्नच नाही. म्हणून इथं "बोअर आहे" या वाक्याची किंमत धुण्या-भांड्यापुरती, तीही अर्धीच.

खरी किंमत नळाची. शहानूर धरणाचं पाणी पाइपलाइननं येतं, पण ते कुणाच्या घरी किती जोरानं येतं हे गल्लीवर ठरतं. लाइनच्या सुरुवातीला घर असेल तर धार अंगठ्याएवढी. शेवटाला असेल तर वरच्यांनी टिल्लू पंप लावून ओढून झाल्यावर उरेल तेवढी. आणि बायपासच्या पुढं लाइन गेलीच आहे का, हे आधी बघा. मालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा: "मावशी, नळ कधी येतात?" तिचं उत्तर साधारण असं असेल: "आज आले, आता परवाच येतीन. पन आमच्याइकडं धार बारीक रायते बाई." या एका वाक्यात तुम्हाला मालकाच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त कळेल. मग घरात हौद आहे का, वरची टाकी केवढी, हौदातून वर चढवायची मोटर कुणाच्या मीटरवर, हे विचारा. मोटरवरून भाडेकरू आणि मालकाची जितकी भांडणं मी ऐकली तितकी भाड्यावरून नाही ऐकली.

दुसरं ऊन. घर बघायला भर उन्हात, दुपारी तीन-चारच्या दरम्यान जा. दलाल सकाळी दहाला बोलावतो, तेव्हा सगळीच घरं थंड असतात. मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला राहतो. तुमच्या आईच्या गुडघ्यांमुळे तळमजला हवाच, पण गुडघे धड असते तरी मी तळमजलाच सांगितला असता. पश्चिमेच्या भिंतीला सावली आहे का बघा. शेजारचं घर, निंबाचं झाड, काहीही चालेल. जुन्या वस्तीतली घरं एकमेकांना खेटून असतात, त्याचा हा फायदा. आणि कूलर: खिडकीबाहेर स्टँडवर ठेवायला जागा हवी, समोर हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी किंवा दार हवं, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा भरतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मालकाच्या तोंडी शब्दावर राहू नका. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लेकरं गेल्याच्या बातम्या आपल्याकडं येतात, आणि तुमचा धाकटा नेमका पाण्यात हात घालायच्या वयाचा आहे.

तर मग कुठं? जुन्या गावठाणातल्या अगदी अरुंद गल्ल्या नकोत, तिथं रात्री अॅम्ब्युलन्स आत येत नाही. बाजाराच्या ओळीतही नको. बघा ती गावठाण आणि नव्या लेआऊटच्या मधली वस्ती, वीस-तीस वर्षांपूर्वी नोकरदारांनी बांधलेली: शिक्षक कॉलनी, तहसीलमागची गल्ली, अशा नावांनी लोक सांगतात. तिथं नळ जुना असतो, झाडं मोठी झालेली असतात, आणि मुलं बाहेर शिकायला गेल्यामुळे घरात एकटे उरलेले काका-काकू खालचा मजला भाड्यानं द्यायला तयार असतात. भाड्यापेक्षा त्यांना घरात जाग हवी असते. तुमच्या आईला तिथं दोन दिवसांत ओटा मिळेल.

मुलगी पायी शाळेत जाऊ शकेल एवढ्या अंतरात घर शोधा, म्हणजे आधी शाळा ठरवा, मग घर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे तुम्हाला थोडा वेळ जास्त मिळतो. दाखला पुण्याहून यायला उशीर झाला तरी घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळा तेवढ्या कारणानं आठवीपर्यंत प्रवेश अडवू शकत नाही. नव्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारापर्यंत येते म्हणून भुलू नका. ती गावोगाव फिरत येते, आणि उन्हाळ्यात त्या बसमधून उतरणारी मुलं मी पाहिली आहेत.

कुणाच्या छातीला त्रास असेल तर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आसपासचं घर टाळा. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की तिथं रुईचा धुरळा हवेत असतो आणि रात्री गाड्यांची रांग. हे घर तुम्ही जूनमध्ये बघाल तेव्हा जिनिंग बंद असेल आणि जागा फार छान वाटेल. तसंच मंगल कार्यालय. शेजारी कार्यालय असेल तर लग्नसराईत डीजे तुमच्या घरातच आहे असं समजा.

आता एक गोष्ट जी कुणी लिहीत नाही. तालुक्याच्या गावात "चांगली वस्ती कोणती?" असं विचारलं की उत्तर येतं ते बरेचदा जातीचं असतं. "इकडं या, इकडं आपले लोक आहेत." आपले म्हणजे कुणाचे, हे तो तुमचं आडनाव ऐकून ठरवतो, आणि आडनावावरून कळलं नाही तर सरळ विचारतो, "कोनते देशमुख व्हय तुमी?" खोली द्यायची की नाही हेही कधी कधी तिथंच ठरतं. मला हे कधीच पटलं नाही, शाळेतल्या एका वर्गात सगळ्या वस्त्यांची पोरं बसतात आणि त्यांचं उत्तम जमतं. म्हणून तुम्ही "चांगली वस्ती" विचारूच नका. पाणी, वीज, डॉक्टर विचारा. "रात्री लेकराला ताप आला तर तुम्ही कुठं नेता?" या प्रश्नाला जिथले लोक चटकन एका डॉक्टरचं नाव घेतात ती वस्ती बरी, जिथं "अमरावतीलेच न्या लागते" म्हणतात तिथं विचार करा. आणि संध्याकाळी सहाला गल्लीत चक्कर मारा. मुली सायकली चालवताना दिसल्या पाहिजेत, फक्त मुलगे नाही. पोळ्याच्या वेळी आलात तर दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा बघा: कोणत्या गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन किती घरांत बिनधास्त शिरतात यावरून गल्लीचं सगळं कळतं.

करारनामा अकरा महिन्यांचा करा आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बंधनकारक आहे. इथं मालक म्हणतील, "कायले लागते साहेब, आपला तोंडी व्यवहार." तुमच्या बँकेलाही कागद लागेलच, तेच कारण पुढं करा, म्हणजे मालकाला राग येत नाही. विजेचं मीटर वेगळं आहे की सबमीटर, आणि सबमीटर असेल तर युनिटचा दर काय, हे करारात लिहून घ्या.

शेवटचं आईसाठी. त्या जुन्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत संडास मागच्या अंगणात असतो आणि भारतीय पद्धतीचा. घर बाकी सगळं पसंत पडलं तर एवढ्यासाठी सोडू नका, कमोड बसवून द्यायला सांगा. खर्च अर्धा-अर्धा म्हटलं की मालक सहसा ऐकतात, कारण काकूंचे गुडघेही एव्हाना दुखायला लागलेले असतात. अंगणात रात्री दिवा आणि भिंतीला धरायला पाइप मात्र तुम्ही स्वतः लावून घ्या, आणि पावसाळ्याआधी लावा.