समान, न्याय्य की समन्यायी?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय: ‘आमच्या पाणीवापर संस्थेच्या पत्रकात “समान पाणीवाटप” लिहावं की “समन्यायी”? अर्थ एकच ना? आणि “न्याय्य” हा शब्द असताना “समन्यायी” कशाला?’

अर्थ एकच नाही, आणि तुमच्या पत्रकात तर सगळं त्या फरकावरच अडणार आहे.

आधी व्याकरण उरकून घेऊ. ‘न्याय’ हा ‘नि’ आणि ‘इ’ (जाणे) यांपासून झालेला शब्द. पाणिनी तो ‘अभ्रेष’ या अर्थी सांगतो, म्हणजे रीत सोडून न ढळणं. त्यावरून ‘न्याय्य’ म्हणजे न्यायाला सोडून नसलेलं. ज्या सूत्रानं ‘न्याय्य’ होतं त्याच सूत्रानं ‘पथ्य’ही होतं, डॉक्टरनं सांगितलेलं पथ्य आणि मोर्चातली न्याय्य मागणी ही व्याकरणात सख्खी भावंडं. दुसरा ‘य’ बोलताना कानाला लागत नाही, म्हणून फलकांवर सर्रास ‘न्याय हक्क’ दिसतं. लिहावं ‘न्याय्य हक्क’. ‘न्यायी’ मात्र माणूस असतो. माहुलीचे रामशास्त्री न्यायी, त्यांचा निवाडा न्याय्य. या हिशेबानं ‘समन्यायी वाटप’ काटेकोर कानाला खटकतं, कारण वाटप न्यायी कसं असेल? खटकू दे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा अधिनियम वर्तमानपत्रांतून ‘समन्यायी पाणीवाटप कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. इतका रुळलेला शब्द सूत्र दाखवून हटत नसतो, आणि हटवायची गरजही नाही.

आता ‘समान’. हा शब्द दिसतो सरळ, पण आहे लबाड. समान म्हटलं की कशाच्या मापानं हे सांगावं लागतं, आणि तेच सांगायचं राहून जातं. एकरामागे सारखं पाणी दिलं तर दहा एकरवाल्याला एक एकरवाल्याच्या दहापट मिळतं. तरी ते समानच. कुटुंबामागे सारखं दिलं तर दोघांना सारखं मिळतं, शिवाय ज्याला गुंठाभरही रान नाही त्यालाही मिळतं; तेही समानच. अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये व्याख्यानाचा विषयच ‘समानता कशाची?’ असा ठेवला होता. त्यांचं म्हणणं असं की न्यायाचा जवळजवळ प्रत्येक सिद्धान्त कुठली ना कुठली समानता मागतोच, भांडण असतं ते मापाचं. ॲरिस्टॉटलनं हे फार आधी हेरलं होतं: वाटप योग्यतेप्रमाणे व्हावं हे सगळ्यांनाच कबूल, पण योग्यता कशात धरायची? लोकशाहीवाले म्हणणार स्वतंत्र नागरिक असण्यात, दुसरे म्हणणार संपत्तीत किंवा कुळात, तिसरे सद्गुणात.

आपल्याकडे हे भांडण पुस्तकात राहिलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवरचं बळवडीचं बळीराजा धरण लोकांनी वाळूविक्रीच्या पैशातून उभं केलं आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. तिथे माप जमिनीवरून माणसावर आलं. खानापूर-आटपाडीकडच्या पाणी चळवळीत ‘समन्यायी’ म्हणतात ते या अर्थानं, क्षेत्रागणिक नव्हे तर कुटुंबागणिक. म्हणून हा शब्द ‘न्याय्य’ची नुसती लांबण नाही. ‘न्याय्य’ म्हणजे योग्य, एवढंच. ते तर कुणीही म्हणेल, हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी रान असलेला बागायतदारसुद्धा.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचं नाव अशा चर्चेत हटकून निघतं, म्हणून तेही सांगतो. १९७१ च्या ग्रंथात त्याचं म्हणणं असं की मूलभूत स्वातंत्र्यं सगळ्यांना सारखी हवीत, संधी खुली हवी, आणि त्यापुढची आर्थिक विषमता चालेल ती सर्वांत मागे पडलेल्याच्या जास्तीत जास्त फायद्याची असेल तरच. तो समाजाच्या मूळ रचनेबद्दल बोलतो, शेतात पाणी नेणाऱ्या चारीबद्दल नव्हे. पण ताणून लावलंच, तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या कोरडवाहूवाल्याला जास्त पाणी देणंही त्यात बसेल, म्हणजे ते ‘समान’ नसेल आणि तरी न्याय्य असेल. उलट दुसरा अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक (१९७४) मापच मोडीत काढतो. तो विचारणार, हे तुझ्याकडे आलं कसं? रीतीनं आलं असेल तर कमी-जास्त असण्याला हरकत नाही. वडिलोपार्जित बागायतीचा मालक हेच म्हणतो, फक्त नॉझिकचं नाव न घेता.

तेव्हा पत्रकाचं असं करा. तुमच्या हिशेबात भूमिहीन धरले असतील तर ‘समन्यायी’ लिहा आणि लगेच पुढे ‘दर कुटुंबामागे सारखं’ असा खुलासा जोडा. ते धरले नसतील तर ‘समन्यायी’ला हात लावू नका, ‘क्षेत्राच्या प्रमाणात’ असं सरळ लिहा. नुसतं ‘समान’ मात्र दोन्हीकडे टाळा, नाहीतर पाण्याच्या पहिल्याच पाळीला जो तो आपलं माप काढून दाखवेल.