रागीटपणा रक्तातच असतो का?

ताई, तुम्ही विचारलंय: सासरे तापट, नवरा तापट, आता पाच वर्षांचा मुलगाही हाताला लागेल ते फेकतो. घरात सगळे म्हणतात ‘रक्तातच आहे’. मग मी काही करून उपयोग आहे का?

आहे. पण रक्ताची गोष्ट खोटीही नाही. जुळ्यांवरचे जगभरातले २,७४८ शोधनिबंध २०१५ मध्ये एकत्र तपासले गेले. त्यात सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या होत्या. निष्कर्ष असा, की माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी ४९ टक्के आनुवंशिक असतात. या आकड्याचा अर्थ मात्र बहुतेक जण चुकीचा लावतात. मुलाचा अर्धा राग वडिलांचा आणि अर्धा तुमच्या संगोपनाचा, अशी वाटणी त्यातून निघत नाही. आकडा समूहातल्या फरकाचा आहे, एका मुलाचा नाही.

मी निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग आहे. आमच्या थॉमसनच्या, म्हणजे हिरव्या द्राक्षांच्या एका जातीच्या, सगळ्या वेली कलमाच्या, म्हणजे सगळ्यांची जनुकं जवळपास सारखीच. तरी बांधाकडची वेल आणि मधली वेल सारखा माल देत नाही. तिथला फरक माती, पाणी आणि उन्हाचा. म्हणून जनुकं बिनकामाची ठरतात का? थॉमसनला काळी द्राक्षं कधीच लागत नाहीत. पुढचं तर आणखी नवल. एप्रिल छाटणीनंतरच्या काही आठवड्यांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड तयार होतो, पण तो दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर. त्या आठवड्यांत ढगाळ हवा राहिली किंवा पानांची गर्दी झाली, तर घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता ताणा, निघते. मुलाचं मात्र असं एकाच हंगामात ठरत नाही, म्हणून ‘पाच वर्षं तर गेली’ असं मनात आणू नका.

आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही खरं नाही. फिनाइलकीटोनुरिया हा आजार जनुकातून येतो. त्याने मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं, पण जन्मानंतर लगेच निदान करून आहार पाळला तर ते टळतं. जनुक तेच राहतं.

तुमच्या घरात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. मूल आपल्या स्वभावाने भोवतालची वागणूक स्वतःकडे ओढून घेतं. आमचे वडीलही तापट. मी उलट उत्तर द्यायचो, मार खायचो आणि आणखी पेटायचो. धाकटा भाऊ गप्प बसायचा, त्याला मांडीवर जागा मिळायची. एकाच घरात आम्हाला दोन वेगळे वडील मिळाले. सातवीनंतर मी शाळेसाठी पंचवटीत आत्याकडे राहिलो. मी चिडलो की ती आवाज चढवायची नाही. हातात तांब्या देऊन तुळशीला पाणी घालायला पाठवायची आणि जेवण झाल्यावर जवळ बसून विचारायची, ‘काय झालं होतं रे?’ आजही राग आला की माझे कान तापतात. हात मात्र उठत नाही. माझ्या दोन्ही मुलांना माझा मार माहीत नाही, याचं श्रेय मी आत्याला देतो.

आणखी एक, पैसे वाचावेत म्हणून. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, करू नका. स्वभावामागे हजारो जनुकीय फरक असतात आणि एकेकाचा वाटा अगदी बारीक, त्यामुळे ‘रागाचं जनुक’ शोधूनही हाती काही लागत नाही.

‘आजोबांवर गेलाय’ हे त्याच्यासमोर बोलणं आजपासून बंद करा, सासूबाईंनाही विनंती करा. तो कधी फेकतो ते पंधरा दिवस वहीत लिहा: भुकेला असताना, झोप अपुरी झाल्यावर, मोबाईल काढून घेतल्यावर, की बाबांचा आवाज चढल्यावर. शेवटची नोंद जास्त वेळा आली, तर ती वही आधी त्याच्या बाबांना दाखवा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाताना तीच वही बरोबर न्या.