सोलापूरच्या कारागृहात असलेल्या भावाला मेसेज किंवा ईमेल पाठवता येतो का? आई विड्या वळून थकते, तिला मोबाइल जमत नाही.

थेट नाही. कैद्याजवळ मोबाइल ठेवायला बंदी आहे, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपचा विषयच मिटला. "पैसे द्या, मेसेज आत पोचवतो" असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. पकडलं गेलं तर भावावरच आणखी एक गुन्हा लागू शकतो.

सरकारी वाट आहे ती ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या भेटीची. ईप्रिझन्स या कारागृहांच्या सरकारी पोर्टलवर तुमचं नाव, पत्ता, ओळखपत्र आणि भावाचं पूर्ण नाव भरायचं, कारागृह निवडायचं, ओटीपी टाकायचा. मंजुरी आली की व्हिडिओ कॉलची वेळ कळते. भावाचं नाव कोर्टाच्या कागदावर आहे तसंच लिहा, नाहीतर नोंद सापडत नाही. आई विड्या वळून थकते, मोबाइल जमत नाही म्हणता, तर फॉर्म तुम्ही भरा आणि कॉलला तिला समोर बसवा. तिचा चेहरा दिसणं त्याला फार मोलाचं आहे.

आणि पत्र लिहाच! ते अधिकारी वाचून मगच देतात, म्हणून केसबद्दल एक अक्षरही नको, ते वकिलाशी बोला. घरचं लिहा: गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागले, धाकटीची परीक्षा झाली, दारातला मोगरा फुलला. असा कागद तो पुन्हा पुन्हा वाचेल, कॉल मात्र काही मिनिटांत संपतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो, १५१०० वर फोन करा.