‘विलंब’ की ‘खोळंबा’?

नेटवर्कच्या कामगिरीवरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एकांनी विचारलं आहे: ‘डिले’साठी सगळीकडे ‘विलंब’ लिहिलं तर चालेल का?

मला ते पटत नाही. विलंब म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा झालेला उशीर. ‘विलंब शुल्क’, ‘विलंबाबद्दल क्षमस्व’ यांत कुणीतरी चुकलेलं असतं. (विलंबित लयीत तो दोष नाही, नुसता संथपणा आहे, पण ती छटा गाण्यापुरतीच उरली.) नेटवर्कमधल्या डिलेचा मोठा भाग मात्र कुणाच्याच चुकीचा नसतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागणारच. हा साधा प्रवासाचा वेळ.

एकच पॅकेट, म्हणजे नेटवर्कमधून जाणारा डेटाचा एक तुकडा, जवळून बघा. १,५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं. राउटरची (पॅकेटं पुढच्या वाटेला लावणाऱ्या यंत्राची) पुढची लिंक सेकंदाला १० मेगाबिटची असेल, तर पहिल्यापासून शेवटच्या बिटापर्यंत सगळं तारेवर चढायला १.२ मिलिसेकंद जातात. ही रवानगी. पण पुढे आणखी पॅकेटं असली की आपलं पॅकेट बफरमध्ये, म्हणजे राउटरच्या तात्पुरत्या साठवणीत, ताटकळतं, आणि या ताटकळण्याला मराठीत नेमका शब्द आहे: खोळंबा.

‘मला विलंब झाला’ आणि ‘तुझ्यामुळे माझा खोळंबा झाला’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. खोळंब्याचं कारण दुसरीकडे असतं. पुढचं हलत नाही म्हणून मागचं अडतं. राउटरच्या रांगेत हेच घडतं. ‘प्रतीक्षाकाळ’ चुकीचा नाही, पण त्यात हे अडणं दिसत नाही.

हा भेद गणितातही उतरतो. प्रवास आणि रवानगी गर्दीने बदलत नाहीत, खोळंबा बदलतो. एम/एम/१ हे रांगेचं सर्वांत साधं प्रतिमान घ्या: पॅकेटं स्वैरपणे येतात, त्यांचे आकार कमीजास्त असतात, बाहेर पडायची वाट एकच. पॅकेटचा सरासरी आकार वरच्याइतकाच धरला, तर लिंक ५० टक्के व्यस्त असताना सरासरी खोळंबा एका रवानगीइतका, १.२ मिलिसेकंद. ९० टक्क्यांना तो ९ पट, १०.८. ९५ला १९ पट, जवळजवळ २३! ए. के. एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये टेलिफोनच्या कॉलसाठी या गणिताचा पाया घातला. १९६०च्या दशकात लेनर्ड क्लाइनरॉक यांनी ते संगणकांच्या जाळ्यांना लावलं. अशा मजकुरात प्रवास, रवानगी आणि खोळंबा या तिन्हींना ‘विलंब’ म्हटलं, तर यातलं नेमकं काय वाढलं ते वाचकाला कळणारच नाही.

एकूण बेरजेला ‘लागणारा वेळ’ म्हणा, किंवा सरळ ‘लेटन्सी’ ठेवा. ‘विलंब’ राखून ठेवा तो मुदत असेल तिथे. चालू कॉलमधलं आवाजाचं पॅकेट ऐकवायची वेळ टळल्यावर पोचलं, तर ते टाकूनच द्यावं लागतं. तिथे ‘विलंब’ बिनदिक्कत लिहा.