नवरा सुपरहिरोंचे पुतळे जमवतो, म्हणजे मनाने लहानच राहिलाय का?

ही काळजी घेऊन येणारी माणसं मला अधूनमधून भेटतात. कधी बायको येते, कधी आई. त्यातल्याच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बायको आधी एकटीच आली. रागावलेली होती, पण त्याहून जास्त घाबरलेली. नवऱ्याने बॅटमॅनचा पुतळा परदेशातून मागवला होता. किंमत सांगितली पंधरा हजार. कार्डाच्या बिलात आयात शुल्क धरून आकडा निघाला ८० हजारांच्या वर. "मॅडम, घराचा हप्ता चालू आहे, मुलीची फी भरायची आहे आणि हा चाळिशीत बाहुल्या आणतोय. याच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना?"

आधी बिघाडाचं बोलू. वस्तू साठवत राहण्याचा विकार खरोखर असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३ साली त्याची स्वतंत्र नोंद झाली. त्यात माणसाला काहीच टाकवत नाही, अगदी रद्दीसुद्धा, आणि शेवटी घरात वावरायलाही जागा उरत नाही. या घरात मोजके चार पुतळे होते, काचेच्या कपाटात, ऊन लागून रंग उडू नये अशा बेताने ठेवलेले. नवा घ्यायचा म्हणून एक जुना त्याने विकलाही होता. छंद असणारा माणूस निवडतो, मांडतो, नको ते काढून टाकतो. तेव्हा त्या भीतीला इथे काही आधार नव्हता, आणि तसं मी तिला सांगितलं. लपवलेली किंमत ही मात्र खरी अडचण होती. तेही सांगितलं.

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. त्याला म्हटलं, पुतळा घेऊन या. पण माणसाच्या चौथ्या हिश्श्याचा पुतळा बैठकीसकट दोन फुटांच्या घरात जातो आणि चांगला जड असतो. त्याने नुसतं डोकं आणलं. अशा पुतळ्यांना बऱ्याचदा बदलायची दोन डोकी येतात, मानेत लोहचुंबक असतो. त्याने आणलेलं डोकं मुखवट्याशिवायचं, म्हणजे बॅटमॅनच्या मुखवट्यामागच्या माणसाचं, ब्रूस वेनचं होतं. फोममधून त्याने ते इतक्या हळुवारपणे काढलं की बायको बघतच राहिली.

"मला नको, यांना दाखवा," मी म्हटलं.

तो आधी अडखळला, मग बोलू लागला. याला पॉलिस्टोन म्हणतात. राळेत दगडाची पूड मिसळून ती साच्यात ओततात, म्हणून हाताला थंड आणि जड लागतं. पडलं तर सरळ फुटतं. रंग माणसं हाताने देतात. आधी कातडीचा रंग, त्यावर पातळ गडद रंग. तो वरून पुसला की सुरकुत्यांपुरता आत राहतो. गालावरचे दाढीचे खुंट म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. तिने त्यावरून बोट फिरवलं. गाल गुळगुळीत होता.

"दमलेला दिसतोय हा," ती म्हणाली.

"म्हणूनच मी हे डोकं लावतो. मुखवट्याचं खोक्यातच आहे."

मग त्याने एक गोष्ट सांगितली. बॅटमॅन १९३९ साली पहिल्यांदा छापून आला. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी तो घडवला, पण कित्येक वर्षं श्रेय एकट्या केनच्या नावावर राहिलं. फिंगरचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ साल उजाडलं. तोवर त्याला जाऊन चाळीस वर्षं उलटली होती. "पुतळ्याच्या खोक्यावर शिल्पकाराचं नाव असलं की मी ते आधी वाचतो. माझी ड्रॉइंग्ज वर जातात तेव्हा त्यावर साहेबांचं नाव असतं." तो एका कंपनीत यंत्रांचे भाग डिझाइन करतो. हे दुखणं त्याने घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बायकोने ते पहिल्यांदा ऐकलं, तेही माझ्यासमोर.

मला स्वतःला हा छंद पोरकट वाटत नाही. बारकाईने केलेलं काम ओळखता येणं आणि ते करणाऱ्याची कदर करणं ही जाणत्या माणसाची खूण आहे. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या कितीतरी बापांनी इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळाचे, म्हणजे फँटमचे, अंक ट्रंकेत जपून ठेवले होतेच. ते घरखर्चाला बोचत नव्हते, एवढाच फरक. हा छंद बोचतो, म्हणून त्यात दोघांचं बोलणं हवं.

आमचं ठरलं ते असं: वर्षाला एक रक्कम, दोघांनी मिळून ठरवलेली. वाहतूक आणि आयात शुल्क त्यातच धरायचं. आगाऊ मागणी नोंदवून हप्त्याने पैसे भरायची सोय असली, तरी पहिला हप्ता भरण्याआधी पूर्ण किंमत घरात सांगायची. आणि 'ही गुंतवणूक आहे' हे वाक्य बंद! मर्यादित प्रती काढल्या म्हणून भाव वाढतोच असं नाही, आणि आवडीला नफ्याचा आधार घ्यावा लागला की खोटं बोलणं पुन्हा सुरू होतं.

यंदा त्याने काही घेतलं नाही, आणि त्याची त्याला चुटपुट आहे, हे तो मोकळेपणी सांगतो. दोघं अजून येतात. आता बोलणं चाललंय ते नोकरी बदलायची की साहेबांशी एकदा स्पष्ट बोलायचं, यावर. बायकोचं मत आहे, आधी बोलून बघावं.